१९९१ च्या १.६ मिआटामध्ये आधी काय बदलायचं: इनटेक, सायलेन्सर, स्प्रिंगा की थेट टर्बो?

तुम्ही लिहिलंय की १९९१ ची मिआटा, म्हणजे माझ्दा एमएक्स-५, १.६ लिटरवाली, हातात आलीये, बजेट बेताचं आहे आणि यादी अशी आहे: इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग), हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), सायलेन्सर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, आणि शेवटी "नंतर जमलं तर टर्बो". सुरुवात कुठून करू, असा प्रश्न.

माझ्या मते सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करा. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, करायचा का नाही हे आज ठरवा, कारण "नंतर जमलं तर" यातच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टर्बो बसवताना हेडर निघतो आणि त्याच्या जागी टर्बोचा स्वतःचा मॅनिफोल्ड येतो, इनटेकचा पाइप निघतो, सायलेन्सरही बहुतेक वेळा जास्त व्यासाचा लागतो. म्हणजे आज हौसेने घेतलेल्या तीन वस्तू तेव्हा माळ्यावर जाणार किंवा निम्म्या किमतीत विकाव्या लागणार. आणि टर्बो नकोच असेल तर या तिन्ही मिळून देतात काय? मूळ इंजिन ११५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, त्यात बोटांवर मोजण्याइतकी भर. आवाज मात्र भरपूर वाढतो आणि आवाज वाढला की गाडी पळतीये असं वाटतं, त्यातही मजा आहे, नाही म्हणत नाही, पण मग ती आवाजाची खरेदी आहे हे माहीत असू द्या. बोनेटखाली उघडा फिल्टर लावला की तो बहुतेक वेळा इंजिनचीच गरम हवा ओढतो, त्यामुळे गर्दीत थांबून निघालात की पिकअप उलट मंदावल्यासारखा वाटतो.

माझ्याकडे याच पिढीची १.६ आहे, टर्बो नाही, आणि तो मी मुद्दाम टाळलाय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आता खरं काम. गाडी तिशी ओलांडलेली आहे, तेव्हा पहिला अपग्रेड म्हणजे वयाचा हिशोब चुकता करणं. बोनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. नवी असताना काळी असते, उष्णतेने हळूहळू हिरवट-तपकिरी पडत जाते, आणि तपकिरी झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय, कधीही चीर पडेल. ही तपासणी फुकट आहे आणि या गाड्यांमध्ये हेड (इंजिनचा वरचा भाग) खराब होण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. टाकी बदलताना सगळे होज पाइप, थर्मोस्टॅट आणि झाकणही बदलून टाका, एक एक करत बसू नका. मग हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) हात घालून कॅम अँगल सेन्सर चाचपा, ठिणगीची वेळ यावरून ठरते. त्याची ओ-रिंग कडक होऊन ऑइल झिरपतं आणि ते थेट खालच्या हीटरच्या पाइपांवर पडतं, रबर फुगतं. ओ-रिंग अगदी किरकोळ वस्तू आहे, त्रास फक्त तिथे हात पोचवण्याचा.

टायमिंग बेल्ट कधी बदललाय याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व आणि पिस्टन भिडत नाहीत, गाडी जागच्या जागी बंद पडते एवढंच, पण वॉटर पंप आणि पुढची ऑइल सीलं त्याच उघडझापीत होऊन जातात म्हणून ते एकदमच करायचं. आणि तुमची १९९१ ची आहे म्हणून एक गोष्ट नक्की बघा: क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरच्या खाचा मोजा. चार असतील तर आधीचा आखूड नाकाचा क्रँक, आठ असतील तर नंतरचा लांब नाकाचा. बदल १९९१ मध्येच झाला, त्यामुळे साल बघून कळत नाही. आखूड नाकवाल्यात पुढचा बोल्ट नीट टॉर्क देऊन आवळला नाही की पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजते, पुली डुलायला लागते, टायमिंग भरकटतं, आणि हे बऱ्याचदा बेल्ट बदलल्यानंतरच सुरू होतं कारण कोणीतरी जुनाच बोल्ट अंदाजाने आवळलेला असतो. चार खाचा निघाल्या तर गाडी वाईट नाही, शांतपणे वापरली तर वर्षानुवर्षं चालते, पण त्या इंजिनावर टर्बोचा खर्च मी तरी करणार नाही.

हे सगळं झाल्यावर जवळजवळ फुकटातला एक बदल आहे आणि १.६ ला तो खरंच जाणवतो, तो म्हणजे इग्निशन टायमिंग, ठिणगी कधी पडते ती वेळ. कंपनीने १० अंश ठेवलंय, बरेच जण ते १४ वर नेतात, आणि खालच्या आरपीएमला गाडी जरा मोकळी होते. इंजिन पूर्ण गरम करा, डायग्नोसिसच्या डबीत टीईएन आणि जीएनडी लिहिलेली टोकं तारेने जोडा म्हणजे ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) मधेमधे करत नाही, आयडल ८५० च्या आसपास आहे ना बघा, मग टायमिंग लाइट पुलीवर मारून त्याच कॅम अँगल सेन्सरचा १२ चा बोल्ट सैल करायचा आणि सेन्सर केसभर केसभर फिरवायचा. शेवटी बोल्ट आवळल्यावर परत एकदा लाइट मारून बघायचं, आवळताना तो हमखास थोडा सरकतो. काम झालं की तार काढायला विसरू नका. पण एक अट आहे. या पिढीच्या गाडीत नॉक सेन्सर नाही, म्हणजे इंजिन ठोकायला लागलं तर ईसीयूला ते ऐकूच येत नाही आणि तो आपणहून टायमिंग मागे घेत नाही. म्हणून पेट्रोल वरच्या ऑक्टेनचं हवं, आणि चढावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबल्यावर खडखड ऐकू आली तर निमूट १२ किंवा परत १० वर यायचं.

मग टायर. वेग वाढवण्यासाठी खर्च करायचा तर माझ्या मते पहिला इथे. गाडीचं वजन साधारण ९५० ते १००० किलो, चारही चाकांना डबल विशबोन (वरखाली दोन आर्म्सचं सस्पेन्शन), एवढं सगळं मूळचंच चांगलं असताना लोक तिला दहा वर्षांचे दगड झालेले टायर घालून "हँडलिंग कुठे आहे" विचारतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, असले टायर काढा. मूळ चाक १४ इंची, टायर १८५/६०. १५ इंची हलकं चाक आणि १९५/५० हे जोडकाम चांगलं जमतं, त्याच्या पुढे १७ वगैरे केलंत तर दिसायला बरं, पण चाक जड झालं की गाडीचा हलकेपणाच मरतो.

स्प्रिंगांबद्दल मात्र थांबा. तुमच्या यादीतली ही मला सगळ्यात धोक्याची वस्तू वाटते. या गाडीत सस्पेन्शनला खाली जायला जागा मुळातच कमी. नुसत्या आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवली की शॉकअप जवळजवळ बंप स्टॉपवरच टेकून राहतो, मग प्रत्येक खड्ड्याला आणि वळणात मधेच स्प्रिंगचं काम तो रबराचा तुकडा करतो, गाडी उसळते आणि मागचं टोक अचानक सुटतं. मालक म्हणतो "कडक झाली, स्पोर्टी झाली". मूळच्या उंचीवर नवे चांगले शॉकअप, कोनी किंवा बिल्स्टीनचे, नवे बुश आणि नीट अलाइनमेंट, एवढ्याने गाडी जास्त वेगात वळते. चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलता येतो, त्यासाठी आर्म्सच्या बोल्टांना गोल चकत्या आहेत, फक्त इतक्या वर्षांत ते बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेले असतात. अलाइनमेंटच्या दोनतीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं ऑइल मारत राहा, नाहीतर अलाइनमेंटवाला हात वर करेल. उंची कमी करायचीच असेल तर पैसे साठवून पूर्ण कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं स्प्रिंग-शॉकअपचं एकत्र युनिट) घ्या, स्वस्तातले घेऊ नका.

ब्रेकला रस्त्यासाठी मोठी डिस्क लागत नाही. ताजं ब्रेक ऑइल, चांगले पॅड, आणि मागचे कॅलिपर जाम नाहीत ना ते बघा. हँडब्रेक सैल वाटत असेल तर केबल ओढत बसू नका, कॅलिपरच्या पाठीवर एक बोल्ट आहे, तो काढला की आत ॲलनचा स्क्रू, ॲडजस्टमेंट खरी तिथे असते. ट्रॅकवर जाणार असाल तर १९९४ नंतरच्या १.८ चे ब्रेक बसतात, पुढची डिस्क २३५ ऐवजी २५५ मिलिमीटर होते. आणि ट्रॅकवर जाणार असाल तर त्याआधी रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा), उघड्या गाडीत त्यावर घासाघीस नको.

आता समजा तुम्ही ठरवलंत की नाही, टर्बोच हवा. हरकत नाही, पण मग वरच्या इनटेक-हेडर-सायलेन्सरचे पैसे तसेच ठेवा, कारण किटची किंमत हा खर्चाचा अर्धाच भाग असतो. टर्बो आला की मूळ क्लच घसरायला लागतो. १.६ चं डिफरन्शियल ६ इंची, ते जागेवरून झटक्यात निघताना किंवा जोरात गिअर टाकताना दात सोडतं, म्हणून १.८ चं ७ इंची आणायचं, त्याबरोबर त्याचे ड्राइव्हशाफ्ट आणि प्रॉपशाफ्टही लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ते हे. मूळचा झडपेचा एअरफ्लो मीटर हवा अडवतो आणि मूळ ईसीयूला बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, कळतच नाही, तेव्हा मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू आणि तो ट्यून करणारा जाणकार माणूस हवाच. नॉक सेन्सर नसलेल्या गाडीत अंदाजपंचे बूस्ट वाढवणं म्हणजे पिस्टन फोडण्याची तयारी.

कूलिंगचं तर खास लक्षात घ्या. हे इंजिन मूळचं माझ्दा ३२३ च्या कुळातलं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आडवं बसणारं. तिथे पाणी पंपाच्या बाजूने आत शिरून सगळं हेड पार करून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मिआटात इंजिन उभं बसवलं, ते टोक फायरवॉलला लागलं, जागा राहिली नाही, म्हणून थर्मोस्टॅट पुढे आणला, जिथे पंपही आहे. परिणाम असा की मागच्या सिलिंडरांना, खास करून चौथ्याला, पाणी कमी फिरतं. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण बूस्ट आणि ट्रॅक एकत्र आले की चौथा सिलिंडर आधी गरम होतो आणि आधी ठोकतो. म्हणून टर्बोवाले पाण्याची वाट परत मागून काढतात. हे काम इंजिन बाहेर असताना सोपं, गाडीत असताना हात सोलून निघतात, तेव्हा क्लचबरोबर काढणार असाल तर तेव्हाच उरका.

मूळ इंजिन न उघडता चाकांपाशी साधारण २०० हॉर्सपॉवरच्या आत राहा, त्यापुढे कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती, आणि रॉडला मारतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क, त्यामुळे पटकन भरणारा छोटा टर्बो फुल बूस्टवर लावून मिरवू नका. एवढा खर्च करण्याआधी १.८ चं चांगलं इंजिन मिळतंय का तेही बघा. फारशी कापाकापी न करता बसतं, टॉर्क सगळीकडे वाढतो, आणि तुमच्या पुलीवर चारच खाचा निघाल्या तर मी तोच मार्ग धरेन.

काढलेले मूळ पार्ट, अगदी एअरबॉक्सचे क्लिपसुद्धा, पिशवीत नावं घालून ठेवा. धुराच्या आणि आवाजाच्या तपासणीच्या वेळी ते परत लावावे लागतात, आणि मूळ स्थितीतल्या या गाड्यांना हल्ली मॉडिफाय केलेल्यांपेक्षा बरे गिऱ्हाईक मिळतात. खाचा मोजल्या की किती निघाल्या ते इथे खाली लिहा, त्यावरून पुढचं बोलू.