आयर्न मेडन पुढच्या दौऱ्यात कोणती दुर्मिळ गाणी वाजवील? भुसावळहून एक उत्तर

प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पुढच्या एखाद्या दौऱ्यात आजवर क्वचित किंवा कधीच न वाजलेली कोणती गाणी येऊ शकतील, ही पहिली. आणि सर्वांच्या ओळखीची गाणी बाजूला ठेवून असल्या गाण्यांचा आग्रह धरणे हा जुन्या चाहत्यांचा निव्वळ अहंकार नाही का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर थोडक्यात देतो. दुसरीवर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हा आरोप मी आमच्या घरातच वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

माझा कौल ‘टू टेम अ लँड’ आणि ‘इन्फिनिट ड्रीम्स’ या दोन गाण्यांना आहे. पहिले १९८३च्या ‘पीस ऑफ माइंड’मधले असून त्या अल्बमच्या दौऱ्यात वाजलेले आहे, दुसरे १९८८च्या दौऱ्यात वाजले. दोन्ही बँडचा संस्थापक आणि बेसवादक स्टीव्ह हॅरिस याची आहेत, दोन्ही लांबलचक आहेत आणि दोन्हींची लय मध्येच पालटते, म्हणजे या बँडला रंगमंचावर जे करायला मनापासून आवडते ते सारे त्यांत आहे. याउलट ‘बॅक इन द व्हिलेज’, ‘फ्लॅश ऑफ द ब्लेड’ किंवा ‘सन अँड स्टील’ यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्या अल्बमसाठी ती रचली गेली, त्याच्या स्वतःच्या दौऱ्यातही बँडने ती वाजवली नाहीत, तर आता वाजवण्याचे कारण काय? हे लोक मेटालिका या अमेरिकी मेटल बँडसारखे नाहीत. मेटालिकाने २०२३पासून एकाच शहरात दोन रात्री वाजवून एकही गाणे पुन्हा न घेण्याचा प्रयोग केला. मेडन मात्र दौऱ्याच्या पहिल्या रात्री जी यादी ठरते तीच जवळजवळ शेवटपर्यंत ठेवते, कारण मागचे पडदे, प्रकाशयोजना, आगीचे लोळ आणि एडी या बँडच्या प्रतीक-राक्षसाचे येणेजाणे हे सारे गाण्यागाण्याला बांधलेले असते. त्यामुळे एक दुर्मिळ गाणे घ्यायचे म्हणजे संपूर्ण दौऱ्यासाठी एक ओळखीचे गाणे वगळायचे, आणि सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

आता दुसरा प्रश्न. आमच्याकडे मेडन आली ती माझ्या आतेभावामुळे, ज्यांना घरातले सगळे आप्पा म्हणतात. ते पुण्याला शिकायला होते आणि सुटीत येताना कॅसेट घेऊन येत. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये यातले कोणते गाणे प्रसिद्ध आणि कोणते उपेक्षित, हे आम्हाला सांगणारे कोणीही नव्हते. कॅसेट पहिल्या बाजूपासून सुरू व्हायची आणि दुसरी बाजू संपेपर्यंत चालायची. आवडते गाणे मागे नेऊन ऐकायचे तर टेपरेकॉर्डरचे सेल उतरत, म्हणून कॅसेट काढून पेन्सिलीने फिरवावी लागे, आणि तो खटाटोप रोज कोण करणार? त्यामुळे ‘पॉवरस्लेव्ह’मधले ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’ आणि त्याच कॅसेटच्या शेवटचे, पावणेचौदा मिनिटांचे ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ ही दोन्ही गाणी आमच्या कानांवर सारख्याच वेळा पडली. ‘समव्हेअर इन टाइम’च्या शेवटी येणारे ‘अलेक्झांडर द ग्रेट’ तर आम्हा मुलांना तोंडपाठ होते. पुढे इंटरनेट आल्यावर कळले की, १९८६ साली निघालेले हे गाणे बँडने एकदाही लोकांसमोर वाजवलेले नाही, आणि तेव्हा मला ते खरोखर अन्यायाचे वाटले. ज्यांना यात अहंकार दिसतो, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे की खानदेशातल्या आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांच्या लेखी ही गाणी कधीच आडबाजूची नव्हती.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनचा कार्यक्रम झाला. जगभरच्या नव्या दौऱ्याची ती पहिलीच रात्र होती, आणि बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत असलेल्या बोइंग ७५७ विमानातून बँड त्या दौऱ्यावर निघाली होती. यादीत काय आहे हे जगात कोणालाही ठाऊक नव्हते. आप्पा आणि मी दोघेही गेलो होतो. जवळपास दोन दशकांच्या खंडानंतर ‘राइम’ पुन्हा वाजले, ते सर्वप्रथम आम्हा मुंबईत जमलेल्यांसमोर. लंडन नाही, न्यूयॉर्क नाही, टोकियो नाही. ते भाग्य आमच्या वाट्याला आले आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. मधल्या संथ भागात सगळी वाद्ये जवळजवळ थांबतात आणि ज्या कवितेवर हे गाणे बेतले आहे त्या इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेतल्या ओळी घुमतात. तेवढ्यात आमच्या आजूबाजूची काही मंडळी गप्पा मारू लागली. आप्पा मैदानावर खाली बसले.

परतीच्या गाडीत त्यांनी विषय काढला. कसाऱ्याला घाटासाठीचे जादा बँकर इंजिन लागून गाडी घाट चढू लागली तोवर आमचे आवाज इतके चढले होते की, वरच्या बर्थवरच्या काकांनी दिवा बंद करायला सांगितला. आप्पांचे म्हणणे असे होते की, जो बँड आपल्या देशात क्वचितच येतो, त्याने पैसे भरून आलेल्या माणसाला ओळखीचे तेच द्यावे. “लोक ऐकायला येतात, परीक्षा द्यायला नाही. त्या चौदा मिनिटांत तीन गाणी झाली असती,” असे ते म्हणाले. मी त्यांना म्हणालो, “आप्पा, कॅसेट तुम्हीच आणलीत, आणि आता तिचे शेवटचे गाणे तुम्हालाच नको झाले?” त्यावर ते काही बोलले नाहीत, पण मत त्यांनी बदलले नाही आणि मीही बदलले नाही.

अखेर २८ मे २०२३ रोजी स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना इथे ‘अलेक्झांडर द ग्रेट’ पहिल्यांदा वाजले, म्हणजे अल्बम निघून सदतीस वर्षांनी. भुसावळच्या मे महिन्यातली रात्र होती, झोप येणे शक्यच नव्हते, आणि लोकांनी मोबाइलवर टिपलेले तुकडे मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. सकाळी मी आप्पांना फोन केला. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “ते गाणे आता दुर्मिळ कुठे राहिले? तुम्ही लोकांनी मागणी करून करून त्याला सगळ्यांत प्रसिद्ध करून टाकले. म्हणजे बँडने शेवटी ओळखीचेच वाजवले.”

हा त्यांचा आजवरचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे हे मी मान्य करतो, आणि त्याचे उत्तर इथे लिहून ठेवतो, कारण प्रश्नकर्त्याचा आक्षेप नेमका तोच आहे. ‘हॅलोड बी दाय नेम’ हे १९८२च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’चे शेवटचे गाणे. त्या वर्षी सिंगल म्हणून स्वतंत्रपणे काढली गेली ती ‘रन टू द हिल्स’ आणि शीर्षकगीत, ‘हॅलोड’ नव्हे. आज ते बँडच्या सर्वांत लाडक्या गाण्यांत गणले जाते, कारण दौऱ्यामागून दौऱ्यात ते वाजत राहिले. ‘फियर ऑफ द डार्क’ हेही १९९२च्या अल्बमचे शेवटचे गाणे, आणि त्याच्या सुरावटीवर हजारोंनी एका आवाजात गायचे ही प्रथा मैदानांत पडली, स्टुडिओत नव्हे. गाणे वाजते म्हणून ते ओळखीचे होते. आप्पांचा नियम १९८२ सालीच लागू केला असता, तर त्यांचे स्वतःचे आवडते ‘हॅलोड’ त्यांना मुंबईत ऐकायलाच मिळाले नसते. म्हणून दुर्मिळ गाणे मागणारा चाहता इतरांचा हक्क हिरावत नाही. पुढच्या पिढीचे ओळखीचे गाणे तो आज मागत असतो.

काही गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. डिकिन्सनचा जन्म १९५८चा, हॅरिसचा १९५६चा. डिकिन्सन कर्करोगातून उठून पुन्हा गाऊ लागला आहे. ड्रमवादक निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता, तरीही त्याने त्या वर्षीचा दौरा वाजवला, आणि डिसेंबर २०२४मध्ये साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर तो दौऱ्यांतून निवृत्त झाला. आता ड्रमवर सायमन डॉसन आहे. त्यामुळे कोणते गाणे घ्यायचे यामागे केवळ आवडनिवड नसून गळा आणि मनगट यांचाही विचार असतो, आणि माझा अंदाज चुकला तर त्याचे कारण बहुधा हेच असेल. तरीही २०२५च्या दौऱ्यात, म्हणजे पन्नाशीच्या निमित्ताने, त्यांनी ‘राइम’ आणि ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ ही दोन्ही प्रदीर्घ गाणी एकाच रात्रीत घेतली. एवढे वय झालेले लोक हे करू शकत असतील, तर सात-साडेसात मिनिटांचे ‘टू टेम अ लँड’ मागण्यात मला तरी काहीही अवाजवी दिसत नाही.