मुंबईतल्या इमारती बघायला सुरुवात करताय? मग ओव्हल मैदानापासून करा

पहिल्याच रविवारी सीएसएमटी, गेटवे, काळा घोडा सगळं उरकायला जाऊ नका. पाय दुखतात, डोक्यात काही राहत नाही. फक्त ओव्हल मैदान घ्या. पूर्वेला हायकोर्ट आणि १८७८चा राजाबाई टॉवर: टोकदार कमानी, दगडी कोरीवकाम. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या ‘आर्ट डेको’ शैलीच्या इमारती: गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. सकाळचं ऊन पश्चिमेकडच्या रांगेवर पडतं, संध्याकाळचं टॉवरवर.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- आधी मोबाईल, मग डोळे.
- फक्त दर्शनी भाग बघणं. जिन्याचे कठडे, फाटकाची जाळी बघा, पण वॉचमनला विचारूनच आत जा.
- गिरगावातल्या चाळी ‘नंतर बघू’ म्हणणं. पुनर्विकासात त्या झपाट्याने जातायत.

शैलींची नावं इतक्यात पाठ करू नका.