मक्याऐवजी गहू घालताना

मका महाग झाला म्हणून ब्रॉयलरला (मांसाच्या कोंबड्यांना) गहू घालताय, तर खाद्यात झायलनेज (तंतुमय घटक तोडणारं एन्झाइम) हवंच. गव्हातल्या अरॅबिनोझायलन या तंतुमय घटकामुळे आतड्यातलं खाद्य चिकट होतं, पचन अडतं, विष्ठा पातळ पडते. कोकणातल्या पावसाळ्यात कोंबड्यांखाली अंथरलेलं तूस आधीच ओलं; त्यात अमोनिया वाढून पायांच्या तळव्यांना जखमा होतात. तांदळाच्या कणीला झायलनेजची एवढी गरज नसते. भाताच्या कोंड्यात मात्र फायटेट (फॉस्फरस अडवून ठेवणारा घटक) भरपूर, तिथे फायटेज (तो फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम) घाला: ग्रॅमला 5000 युनिटची पावडर 100 किलो खाद्याला 10 ग्रॅम, म्हणजे किलोला 500 युनिट. एवढीशी पावडर थेट मिक्सरमध्ये टाकू नका, सगळीकडे पोचत नाही. आधी 1 किलो मकाभरड्यात, मग 10 किलोत, मग सगळ्यात. पुडा घट्ट बांधून सावलीत ठेवा. दमट हवेत गुठळ्या झालेली पावडर वापरूच नका.