तारण फुकट, मग आज्ञा कशाला?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच गाठीशी येऊन थांबतात. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, फुकट मिळते, मग पवित्र जीवन जगण्याचा आग्रह कशासाठी? म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात घेतली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या तरुण संघात वाद झाला. एक जण म्हणाला, "सगळी पापे क्रुसावर फेडली गेली, पुढची धरून. मग पाप केले काय नि नाही केले काय, हिशेब तोच." मला हे पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही.

तुमच्या मित्राने विचारले तेच प्रेषित पौलाला त्याच्या काळात ऐकावे लागले होते. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी तो लिहितो की जेथे पाप वाढले तेथे कृपा त्याहून विपुल झाली. लगेच सहाव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत स्वतःच विचारतो : मग कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय? उत्तर आहे, "कधीच नाही!" मूळ ग्रीकमधला हा ठाम नकार या एका पत्रात 10 वेळा येतो आणि त्यातला दोनदा याच अध्यायात, 2 र्‍या आणि 15 व्या ओवीत. एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या उपदेशावर हा आक्षेप कधी येतच नाही, त्या उपदेशात कृपा पुरती सांगितलेली नसण्याचा संभव आहे. मित्राला गप्प बसवू नका, त्याला पुढच्या ओव्या वाचायला लावा.

पौल नकाराचे कारण काय देतो ते पाहा. "नरकात जाशील" असे तो म्हणत नाही, "देवाने इतके केले आणि तू असा कृतघ्न" असेही म्हणत नाही. तो बाप्तिस्म्याची आठवण देतो : तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात, पुरले गेलात, नव्या जीवनात चालण्यासाठी बाहेर आलात. तुमच्या मित्राची चूक इथे आहे. कृपा म्हणजे कर्ज फिटल्याची पावती एवढेच त्याने धरले आहे. पावती खिशात टाकून माणूस पूर्वीसारखाच राहू शकतो. पण पौल मालक बदलल्याची गोष्ट करतो आहे. पूर्वी पाप धनी होते, आता देव धनी आहे. 23 व्या ओवीत "पापाचे वेतन" म्हणताना त्याने वापरलेला शब्द सैनिकाला मिळणार्‍या पगाराचा आहे, आणि त्यासमोर ठेवलेला शब्द कृपादानाचा. जुन्या धन्याकडे परत कामाला जायचे, तर पगार कसला मिळायचा ते त्याने आधीच सांगून ठेवले आहे.

आता कृती. सहाव्या अध्यायात ती तीन पायर्‍यांनी येते आणि क्रम बदलला की बिघडते. आधी जाणणे (ओव्या 3, 6, 9) : ख्रिस्ताबरोबर माझे काय झाले आहे. मग मानणे (ओवी 11) : हा हिशेबाचा शब्द आहे. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व "गणण्यात आला" असे चौथ्या अध्यायात म्हणताना हेच क्रियापद आले आहे. देवाने जे खात्यावर मांडले ते तुम्हीही खरे धरा, भावना साथ देवो न देवो. मग समर्पण (ओवी 13), आणि ते सरसकट नव्हे, अवयवागणिक. सकाळच्या प्रार्थनेत "प्रभू, मी सगळा तुझा" एवढे म्हणून उठू नका. आजची जीभ : अकराच्या बैठकीत ज्याच्याशी खटका उडतो त्याच्याशी बोलणारी. आजचे डोळे : रात्री साडेदहानंतर मोबाइलवर असणारे. आजचे हात : बिल भरणारे. अवयवाचे नाव, वेळ आणि जागा घेऊन दोन-तीन वाक्ये पुरतात. पुष्कळ जण पहिल्या दोन पायर्‍या गाळून थेट तिसरीवर उडी घेतात, चार दिवस जोर लावतात आणि पाचव्या दिवशी थकतात. अंगात बळ कुठून यायचे, तेच त्यांनी गाळलेले असते.

तीत 2:11-12 हा उताराही संघात वाचा. तिथे कृपा "शिकवते". हा शब्द लेकराला वळण लावण्याचा आहे. इब्री 12 मध्ये पित्याने मुलाला लावलेल्या शिस्तीसाठी तोच शब्द येतो. जी कृपा पदरी घेते, तीच वळणही लावते.

प्रश्न : पौल म्हणतो कर्मांवाचून, याकोब म्हणतो कर्मांनी. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात. खरे कोणाचे?

दोघांचेही. अब्राहामाची वये मांडली की गुंता सुटतो. "त्याने विश्वास ठेवला व ते नीतिमत्त्व गणण्यात आले" हे उत्पत्ती 15:6 मध्ये आहे. इश्माएल जन्मला तेव्हा तो 86 वर्षांचा होता (16:16), म्हणजे हे त्याच्या आधीचे. सुंता झाली 99 व्या वर्षी (17:24). पौल बोट ठेवतो ते या अंतरावर : किमान 13 वर्षे अब्राहाम सुंतेवाचून नीतिमान होता. याकोब मात्र 22 व्या अध्यायाकडे पाहतो. तिथे 100 व्या वर्षी झालेला इसहाक आता डोंगरावर लाकडे वाहून नेण्याइतका मोठा झाला आहे. पंधराव्या अध्यायात जे गणले गेले ते खरे होते, हे बाविसाव्या अध्यायात दिसले, आणि म्हणून याकोब म्हणतो की तो शास्त्रलेख "पूर्ण झाला". पौल मुळाविषयी बोलतो, याकोब फळाविषयी. आंब्याला कैर्‍या लागल्या म्हणून तो आंबा होत नाही. आंबा असतो म्हणून त्याला कैर्‍या लागतात.

प्रश्न : विश्वासात येण्यापूर्वी मी एका दुकानात कामाला होतो. गल्ल्यातून अधूनमधून पैसे काढत असे. अंदाजे 18,000 रुपये झाले असतील. प्रभूने क्षमा केली आहे, तर आता ते उकरून काढायचे का?

क्षमा झाली आहे, म्हणूनच ते परत करायला तुम्ही मोकळे आहात. देवाचे देणे ख्रिस्ताने फेडले. दुकानदाराचे 18,000 मात्र अजून तुमच्याकडे आहेत.

लूक 19 मधल्या जक्कय या जकातदाराचा क्रम पाहा. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने एक पैसाही परत केला नव्हता. लोकांची कुरकूर त्यावरच होती. घरात पाहुणा आल्यावर जक्कय उभा राहून म्हणाला, निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि फसवून घेतले असेल त्याचे चौपट. त्यानंतर "आज या घराला तारण झाले आहे" हे उद्गार येतात खरे, पण येशूने कारण दिले ते दानाचे नाही : हाही अब्राहामाचा पुत्र आहे, आणि मनुष्याचा पुत्र हरवलेले शोधायला व तारायला आला आहे.

रक्कम किती? लेवीय 6:5 मध्ये मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा असे माप आहे. ख्रिस्ती माणसाला ते कलम म्हणून बंधनकारक नाही, पण माप म्हणून चांगले आहे. 18,000 चा पाचवा हिस्सा 3,600, एकूण 21,600. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज वरच्या बाजूने धरा. एकदम शक्य नसेल तर दरमहा 1,800 प्रमाणे 12 हप्ते होतात. पहिला हप्ता बरोबर घेऊनच भेटायला जा, नुसते आश्वासन घेऊन जाऊ नका.

गणना 5:7 मध्ये आधी कबुली आणि मग भरपाई, असा क्रम आहे. त्यामुळे निनावी पाकीट सरकवू नका. पैसे पोहोचतात, कबुली राहून जाते, आणि मालकाच्या मनात दुसर्‍याच नोकरावर संशय राहू शकतो. बोलायचे ते थोडके : "मी तुमच्याकडे असताना गल्ल्यातून पैसे घेतले. अंदाजे 18,000. ते माझे चुकले. हे परत आणले आहेत." पगार कमी होता, घरी अडचण होती, सगळेच घेत होते, यातले काहीही जोडू नका. दुसर्‍या नोकरांची नावे तर मुळीच नको. तुमची कबुली तुमच्यापुरती. मालक संतापतील, पैसे भिरकावतील, पोलिसांचे नाव काढतील. त्याची तयारी ठेवूनच जा. रक्कम मोठी असेल किंवा कागदपत्रांत फेरफार झाला असेल, तर आधी वकिलाशी बोला. मालक वारले असतील तर वारसांना द्या. वारसही नसतील तर गणना 5:8 मध्ये ते याजकाकडे द्यायला सांगितले आहे. आज त्याच अर्थाने ते गरजवंतांसाठी देता येईल.

हे सगळे झाल्यावर रविवारी उपासनेत साक्ष म्हणून सांगण्याची घाई करू नका. हे त्या दुकानदाराचे आणि तुमचे आहे.

प्रश्न : तेच पाप पुन:पुन्हा होते. प्रभुभोजनाच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसते आणि ताट आले की पुढे सरकवते. माझे तारण खरे असेल का?

ताई, आधी ताटाविषयी. 1 करिंथ 11:28 पुन्हा वाचा. माणसाने आपली परीक्षा करावी "आणि मग" भाकर खावी, असे तिथे आहे. परीक्षा करून दूर राहावे असे नाही. आदल्या ओवीतले "अयोग्य प्रकारे" हे खाण्याच्या रीतीविषयी आहे. करिंथात जो तो आपलेच जेवण आधी उरकी, एक भुकेला राही आणि दुसरा पिऊन तर्र होई (ओवी 21), हे त्यामागचे कारण. पापाशी झगडून रडणार्‍या माणसाला मेजावरून उठवायला ती ओवी लिहिलेली नाही. पाप सोडायचेच नाही असे ठरवून बसलेल्याने मात्र तिला भ्यावे.

घसरणे वेगळे आणि तिथेच घर बांधणे वेगळे. तुम्हाला खुपते आहे, ही जिवंतपणाची खूण आहे. आता पाप कबूल करताना त्याचे नाव घ्या. "प्रभू, आमच्या अपराधांची क्षमा कर" हे सर्वांबरोबर म्हणायचे, पण एकटे असताना "आज दुपारी मी जावेविषयी खोटे बोलले" असे म्हणायचे, आणि त्याच दिवशी. आठवडाभर साठवून नव्हे. मग 1 योहान 1:9 वर विसंबून उठा. शिक्षा म्हणून स्वतःवर उपास लादू नका. याकोब 5:16 प्रमाणे एका प्रौढ, तोंड मिटून ठेवणार्‍या बहिणीला सांगा आणि आठवड्यातून एकदा तिने तुम्हाला थेट विचारावे असे ठरवा. आणि रिकामी जागा भरा. इफिस 4:28 मध्ये चोराला नुसते "चोरी करू नको" म्हटलेले नाही. त्याने हातांनी काम करावे आणि गरजवंताला द्यावे, इथवर ते जाते.

"यापुढे कधीच नाही" अशी एकटीने घेतलेली शपथ सहसा मोडते. मोडली की लाज वाटते, लाजेने उपासना चुकते, आणि एकटेपणात तेच पाप पुन्हा बळावते. हे चक्र तोडायचे ते उपासनेला जाण्यापाशी.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. पाप दारूचे असेल आणि रोज भरपूर पिण्याची सवय असेल, तर प्रार्थना करून एका रात्रीत एकदम बंद करू नका. हात थरथरणे, भास, झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. त्याने विश्वास उणा होत नाही.

प्रश्न : पती मारहाण करतात, दुसर्‍या दिवशी रडून क्षमा मागतात. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, "कृपेने वाग, क्षमा कर." किती वेळा?

क्षमा आणि मार खात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला कृपेच्या नावाने जे सांगितले जात आहे ती पौलाने नाकारलेलीच गोष्ट आहे : कृपा आहे, तर पाप चालू दे.

अश्रू म्हणजे पश्चात्ताप नव्हे. लूक 3 मध्ये लोकांनी "आम्ही काय करावे?" विचारले तेव्हा बाप्तिस्मा करणार्‍या योहानाने मोजता येतील अशी फळे सांगितली : दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी जुलमाने पैसे उकळू नयेत. तुमच्या घरी याचा अर्थ असा : त्यांनी वेगळे राहणे मान्य करावे, समुपदेशन आणि गरज असेल तर व्यसनमुक्ती स्वीकारावी, पाळकांसमोर आणि दोन्ही घरच्यांसमोर कबूल करावे, आणि तुम्ही कधी परतायचे हे तुमच्यावर सोडावे. "क्षमा मागितली ना, आता घरी चल" असा तगादा लावला तर फळ अजून आलेले नाही.

आज काय करायचे : आधी सुरक्षित ठिकाणी जा. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीच्या प्रसंगी 112. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि घरात राहण्याचा हक्क न्यायालयातून मिळू शकतो. पोलिसांत जाणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. रोम 13 मधला अधिकारी वाईट करणार्‍याला आवरण्यासाठीच आहे. वडीलधार्‍यांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न : संडेस्कूलमध्ये मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतो. त्यामुळे मुले "चांगले वागलो तरच देव घेतो" असे तर शिकत नाहीत ना?

शिकू शकतात, आणि दोष बरेचदा तक्त्याचा असतो. आज्ञांचे तक्ते "दुसरे देव नकोत" इथून सुरू होतात, म्हणजे निर्गम 20:3 पासून. दुसरी ओवी गळते. ती अशी आहे की मी परमेश्वर तुझा देव, मीच तुला मिसरातून, दास्यगृहातून बाहेर आणले. वल्हांडण, म्हणजे सुटकेच्या रात्रीचे भोजन, 12 व्या अध्यायात, समुद्र ओलांडणे 14 व्या अध्यायात, आणि आज्ञा 20 व्या अध्यायात. आज्ञा मिळाल्या त्या सीनाय डोंगरापाशी इस्राएल लोक पोहोचले तेव्हा त्यांना मिसर सोडून तिसरा महिना लागला होता. मिसरात असताना मोशे दगडी पाट्या घेऊन आला नाही की या पाळा, मग सोडवतो.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 1563 साली तयार झालेल्या प्रश्नोत्तरावलीत 129 प्रश्न आहेत आणि त्यांचे तीन भाग आहेत : माणसाची दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. दहा आज्ञांचे स्पष्टीकरण तिसर्‍या भागात आहे. त्या भागाचा पहिलाच प्रश्न, 86 वा, म्हणजे या अंकाचा विषय : कर्मांवाचून सुटलो, तर सत्कर्मे का? आणि 114 व्यात मान्य केले आहे की अगदी पवित्र माणसाचेही आज्ञापालन या जन्मी म्हणजे लहानशी सुरुवातच.

मुलांसाठी एवढे करा. नव्या तक्त्यावर दुसरी ओवी सर्वांत वर, मोठ्या अक्षरात लिहा. पाठांतराला दर रविवारी तिच्यापासून सुरुवात करा आणि मग दर रविवारी एकच आज्ञा घ्या. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना आधी विचारा, "बाहेर कोणी काढले?" त्यांनी "देवाने" म्हटले की मग विचारा, "आता त्याच्याबरोबर कसे राहायचे?"