थारला किती ताकदीचा विंच घेऊ, आणि स्टीलची रोप काढून सिंथेटिक टाकू का?

मालक, विंच म्हणजे रुतलेली गाडी रोपनं ओढून काढणारी मोटर, ती 9500 पाउंडची बास होते. भरलेल्या गाडीचं वजन गुणिले दीड एवढा साधा हिशोब, थार माणसं-सामान धरून सव्वादोन टन पकडा म्हणजे साडेतीन टनाच्या आत आलं, आणि 9500 पाउंड म्हणजे जवळपास 4300 किलो. 12000 च्या नादी लागू नका, ते सगळं वजन पुढच्या चाकांच्याही पुढं लटकतं.

आता खरी भानगड. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर रोपचा पहिलाच थर असताना मिळते, वरच्या थरावर बरीच कमी होते. आणि आपलं काळं रान म्हणजे वाफसा यायच्या आत गाडी घातली की चाक जाम धरून ठेवतंय, बोनेटपर्यंत रुतली तर वजनाच्या दुप्पट ओढ लागते. म्हणून स्नॅच ब्लॉक (रोप वळवून परत आणायची कप्पी) घ्याच, रोप डबल केली की ओढ जवळजवळ दुप्पट, स्पीड निम्मा, आणि ड्रमवरनं रोपही जास्त सुटते, म्हणजे ताकदीच्या खालच्या थराजवळ येतो.

माझं सांगतो. मोहोळच्या पुढं सीना काठाला परतीच्या पावसात गाडी बसली, विंच नवा, मी खुशीत, बटण दाबलं तर गाडी जागची हलेना आणि पुढचा बंपरच कुईं करून खाली वाकायला लागला. फिटिंगवाल्यानं विंच बसवायची प्लेट चॅसीला न धरता बंपरच्या पत्र्याला धरलेली! शेवटी उसाच्या ट्रॅक्टरनं काढलं, त्या पोरानं पैसे घेतले नाहीत पण हसला लई. तर प्लेट चॅसीच्या दोन्ही दांड्यांना, बोल्ट हाय टेन्साइल, डोक्यावर 8.8 कोरलेलं स्वतः बघून घ्या. आणि त्या निमित्तानं कुणी बुलबार (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा, 2017 पासून त्याला बंदी आहे.

करंट फुल लोडला 400 अँपियरच्या आसपास खातोय, अल्टरनेटरला ते झेपत नाही, सगळं बॅटरीवर येतं. वायर थेट बॅटरीवरनं, मधे आयसोलेटर (करंट तोडायचा स्विच), इंजिन चालू, आणि थोडं ओढून थोडं थांबायचं.

सिंथेटिक टाका, हलकी आहे आणि तुटली तरी स्टीलसारखी फटकारत नाही (तरी वर डँपर, म्हणजे जड कापड, टाकायचाच, समोर कुणाला उभं करायचं नाही). फक्त जुना रोलर फेअरलीड (रोप बाहेर येते तिथली रोलरची चौकट) काढून ॲल्युमिनियमचा हॉज (बिनरोलरची गुळगुळीत चौकट) लावा, स्टीलनं रोलरवर चरे पाडलेले असतात ते नव्या रोपचे धागे कापतात. चिखल वाळून आत बसला की तोही कापतो, म्हणून घरी आल्यावर बादलीत बुचकळून धुवायची, सावलीत वाळवायची.

आणि झाडाचं काय, आपल्याकडं माळावर बांधायला बाभूळसुद्धा मिळत नाही कधी कधी. तेव्हा स्टेपनी खड्ड्यात उभी पुरून तिला रोप बांधा, खड्डा कमरेइतका हवा, गुडघ्याएवढा खणला तर स्टेपनीच उपटून तुमच्याकडं येईल.