सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर तारकर्लीच्या होमस्टेची जाहिरात करायची आहे. जागा कुठली घ्यावी?

सामानाच्या पट्ट्यासमोरची. बॅग येईपर्यंत प्रवासी तिथेच उभा असतो आणि फोन नुकताच चालू केलेला असतो. निघणाऱ्यांच्या बाजूचा बोर्ड तुमच्या कामाचा नाही, तो माणूस सुट्टी संपवून चाललेला असतो. तिथे काजू, कोकम, मालवणी मसाला विकणाऱ्यांनी जाहिरात करावी.

करार करण्याआधी चालू वेळापत्रक बघाच. चिपीला विमानं मोजकी, त्यात फेऱ्या बंदही पडतात. म्हणून वर्षाचं भाडं एकरकमी भरू नका. तीन महिन्यांचा करार करा आणि विमानसेवा थांबली तर भाडंही थांबेल, हे कलम लेखी घ्या. सुरुवात ऑक्टोबरपासून. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात, तेव्हाचे पैसे वाया जातात.

बोर्डावर एकच फोटो, गावाचं नाव, विमानतळापासूनचं अंतर आणि फोन नंबर. दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर किमान एक इंच उंच लागतं, तीस फुटांवरून तीन इंच. क्यूआर कोड छातीच्या उंचीवर आणि चकाकी नसलेल्या मॅट व्हिनाइलवर छापा. चकचकीत कागदावर दिव्याचा झोत पडला की तो स्कॅन व्हायला अडचण येते.

बाहेर पार्किंगजवळ होर्डिंग घेतलंत तर सांगाडा गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे जस्ताचा थर दिलेला हवा, खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं.