बोटीवरच्या 'सोनार' यंत्राचा आणि दागिने घडवणाऱ्या सोनाराचा काही संबंध आहे का?

नाही, हे साम्य केवळ उच्चाराचे आहे. आपला सोनार संस्कृत 'सुवर्णकार' या शब्दापासून प्राकृतमार्गे मराठीत आला. यंत्राचे नाव मात्र 'साउंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग' (ध्वनीच्या साहाय्याने मार्ग आणि अंतर ओळखणे) या इंग्रजी शब्दांवरून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, 'रडार' या तेव्हा नव्याच असलेल्या नावाच्या धर्तीवर बेतले गेले. ब्रिटिश नौदल त्याच यंत्रणेला त्या वेळी 'अ‍ॅस्डिक' म्हणत असे. यातला 'साउंड' फ्रेंचमार्गे लॅटिन 'सोनुस' म्हणजे ध्वनी या शब्दापर्यंत जातो आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला संस्कृत 'स्वन' या शब्दाचा सगोत्र मानतात, त्यामुळे संस्कृतशी नाते हवेच असेल तर ते इथे सापडते. एक खुलासा आवश्यक आहे: मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातल्या मासेमारी बोटींवर तांडेलासमोर (बोटीच्या प्रमुखासमोर) जो पडदा असतो, तो बहुधा 'फिश फाइंडर'चा, म्हणजे सरळ खाली ध्वनी सोडणाऱ्या 'इको साउंडर'चा असतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, प्रतिध्वनी 0.04 सेकंदात परतला, तर ध्वनीने जाऊन-येऊन 60 मीटर अंतर कापले, म्हणून तळ 30 मीटरवर, म्हणजे साधारण 16 वाव (एक वाव सुमारे सहा फूट) खाली आहे असे समजावे. गंमत अशी, की या 'साउंडर'चा ध्वनीशी व्युत्पत्तीने संबंध नाही. दोरीला शिसे बांधून खोली मोजण्याच्या जुन्या क्रियेला इंग्रजीत 'साउंडिंग' म्हणत आणि तो शब्द फ्रेंच 'सोंदे' या वेगळ्याच क्रियापदावरून आला आहे.